दोन आठवडे ट्यूनिसमध्ये, सात आठवडे युद्धात

नमस्कार श्रोतेहो,

आज मला तुम्हाला एक चित्र दाखवायचं आहे. रेडिओवरून चित्र दाखवायचं तर तुम्हाला थोडे डोळे मिटावे लागतील.

चित्र मोठं आहे, मीटरभराहून रुंद. रस्त्यावर माणसं घोळक्याघोळक्यानं उभी आहेत. पुरुष आहेत, बायका आहेत, लहान मुलं आहेत. रंग गडद, दाटून आल्यासारखे. एकाच्याही चेहऱ्याला नाक-डोळे नाहीत. कोण निघालंय आणि कोण मागे राहणार, ते कळायला मार्ग नाही. चित्राला नाव आहे ‘निरोप’. साल १९१४. आज ते जर्मनीत, कोलोन शहराच्या लुडविग संग्रहालयात आहे. ते काढणाऱ्या चित्रकाराचं नाव ऑगस्ट माके.

हा माणूस मुळात गडद रंगांचा नव्हताच, म्हणून मी या चित्रापासून सुरुवात केली. टोप्यांच्या दुकानाच्या काचेपुढे रेंगाळणारी बाई, बागेत फिरायला आलेली कुटुंबं, प्राणिसंग्रहालयातले पोपट, झाडांतून गळणारं ऊन, हे त्याचे विषय. देव-दैत्य नाहीत, राजे नाहीत, लढाया तर नाहीतच. रविवारची दुपार रंगवावी तर माकेनं, असं मला नेहमी वाटतं. घरात त्याची बायको एलिझाबेथ. तिची चित्रं त्यानं किती काढावीत? दोनशेच्या वर! शिवताना, वाचताना, सफरचंदं घेऊन बसलेली.

जन्म ३ जानेवारी १८८७ चा, वेस्टफालियातल्या मेशेड गावचा. बॉन शहरात त्यानं घराच्या माळ्यावर आपली चित्रशाळा थाटली होती. तेविसाव्या वर्षी म्युनिकमध्ये त्याला फ्रान्झ मार्क भेटला, निळे घोडे रंगवणारा मार्क. दोघांचं असं काही जुळलं की १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये मार्क बॉनला आला तेव्हा त्यांनी मिळून त्या माळ्याच्या भिंतीवर एक चित्र काढलं. जवळजवळ चार मीटर उंच. विषय नंदनवन.

मग १९१४ चा एप्रिल. माके, पाउल क्ले आणि लुई मुआये, तिघे चित्रकार मित्र उत्तर आफ्रिकेतल्या ट्यूनिसला गेले. सगळा प्रवास जेमतेम दोन आठवड्यांचा. त्यात माकेनं तीसहून जास्त जलरंगचित्रं केली, रेखाटनं वेगळीच. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. जलरंगाची गंमत मुलांना सांगताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचो, की कागदाचा पांढरा जपा. एकदा रंग बसला की तो पांढरा परत मिळत नाही. माकेची ट्यूनिसची चित्रं पाहिली की तो पांढरा काय करतो ते दिसतं. पिवळा, निळा, तांबडा चौकोन एकमेकांना खेटून बसलेले आणि मधूनच कोरा कागद लखकन चमकतो. ते ऊन रंगवलेलं नाही. कागद राखून ठेवलाय, इतकंच. सत्तावीस वर्षांच्या हाताला एवढा संयम कुठून आला, मला अजून उमगलेलं नाही.

तो बॉनला परतला आणि ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. पहिल्याच काही दिवसांत त्याला पलटणीत बोलावणं आलं. मागे एलिझाबेथ आणि दोन मुलगे, एक चार वर्षांचा, दुसरा दीडेक वर्षाचा. २६ सप्टेंबर १९१४ ला फ्रान्सच्या शँपेन भागात, पर्थ-ले-युर्ल्यू या गावाजवळ, तो मारला गेला. युद्धात तो सात आठवडे टिकला. त्याला स्वतंत्र कबरही नाही, इतरांबरोबर सामूहिक दफनात तो विसावला आहे.

श्रोतेहो, सप्टेंबरच्या त्याच शेवटच्या आठवड्यात फ्रान्सच्या मार्सेय बंदराला हिंदुस्थानी पलटणींची पहिली जहाजं लागत होती. आपले मराठा जवान पुढे मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावानं इतकी माणसं फौजेत पाठवली की गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. त्या जवानांत कुणी भजनात पखवाजाला बसणारा असेल, कुणी श्रावणात शाडूचा गणपती घडवणारा, कुणी भिंतीवर गेरूनं मोर काढणारा. त्यांचं काढलेलं, घडवलेलं काही उरलं नाही. गणपती तर विसर्जनातच गेले. माकेचं नाव घेताना मला ही माणसं आठवतात, आणि ती आठवलीच पाहिजेत असं मी मानतो.

माझ्या वर्गातली कितीतरी मुलं भरतीला गेली. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळवलेली मुलं. पहाटे पळायला जायची आणि दुपारी ब्रश धरायची. त्यातल्या एकाची पत्रं मला सीमेवरून यायची. मजकूर चार ओळींचा, पण समासात बॉलपेननं डोंगर काढलेले असायचे. बर्फाच्या जागी त्यानं काहीच काढलेलं नसायचं. कागद तसाच ठेवलेला.

माके गेल्यावर त्याचा मृत्युलेख लिहिला तो मार्कनं, आघाडीवरूनच. आपल्या सगळ्यांत रंगाला सर्वांत उजळ आणि निर्मळ नाद दिला तो यानं, अशा आशयाचं त्यानं लिहिलं. मित्रासाठी यापेक्षा खरं काय लिहिता येईल? पुढे ४ मार्च १९१६ ला व्हेर्दाँजवळ मार्कही पडला. नामवंत कलावंत म्हणून त्याला लढाईतून मोकळं करायचं ठरलं होतं, पण तो हुकूम त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तोफगोळ्याचा तुकडा पोचला.

माळ्यावरची ती भिंत मात्र दोन्ही महायुद्धांतून वाचली. १९८० मध्ये ते भित्तिचित्र तिथून काढून म्युन्स्टरच्या संग्रहालयात नेलं. बॉनमधलं ते घर आता माकेच्याच नावाचं संग्रहालय आहे, आणि माळ्यावर मूळ जागी त्या नंदनवनाची प्रतिकृती लावलेली आहे. झाडं, जनावरं, एक स्त्री, एक पुरुष, आणि एकाच भिंतीवर दोन मित्रांचे हात.

नमस्कार.