उट्रेख्तमध्ये शिकायला आलात? मॅप बंद करा, सायकल काढा

नमस्कार मंडळी! आजचा विषय असा की तुम्ही नेदरलँड्सला शिकायला आलायत, उट्रेख्तमध्ये रूम मिळालीय, कागदपत्रांची धावपळ संपलीय, लेक्चर्स अजून सुरू व्हायचीत आणि शहर बघायचंय. आता बहुतेक जण काय करतात, फोनवर मॅप लावतात, रूम ते कॅम्पस, कॅम्पस ते सुपरमार्केट, एवढं पाठ करतात आणि सहा महिन्यांनी विचारलं की अरे उट्रेख्त कसं आहे, तर सांगायला चार बसस्टॉप असतात फक्त.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिले काही आठवडे नॅव्हिगेशन न लावता सायकलवर फिरा. या शहरात सायकलवर रस्ता चुकला तर काही म्हणजे काही बिघडत नाही, थांबायचं, सायकल वळवायची, परत यायचं, झालं. बस चुकीची पकडली तर वेळ गेला आणि पैसे गेले. सायकलवर चुकलात तर उलट एक नवीन गल्ली कळली ना.

पण त्याआधी, सायकल. यावर मी फार वेळ घालवणार नाही. नवीन घ्या, जुनी घ्या, महिन्याच्या भाड्याने घ्या, तुमच्या खिशाचा प्रश्न. फक्त जुनी घेताना रस्त्यात कोणी हळू आवाजात "सायकल हवी का" विचारलं आणि भाव फारच स्वस्त सांगितला तर सरळ पुढे जा, ती चोरीची असणार, आणि चोरीची आहे हे कळत असताना ती घेणं हा इथे गुन्हा आहे. दुकानातून घ्या, पावती घ्या. आणि कुलूप चांगलं घ्या, मागच्या चाकाला असतं ते गोल कुलूप आहेच, पण जोडीला जाड साखळी घ्या आणि ती एखाद्या पक्क्या लोखंडी स्टँडमधून घाला, कारण नुसतं चाक लॉक केलेली सायकल उचलून नेता येते.

अजून एक, हे आधीच सांगून ठेवतो. इथल्या साध्या सायकलींना बरेचदा हँडलवर ब्रेकच नसतो, पॅडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. आपला हात सवयीने हँडलवर ब्रेक शोधत राहतो आणि सायकल काही थांबत नाही 😄 त्यामुळे रिकाम्या गल्लीत आधी थोडी प्रॅक्टिस करा, मग रस्त्यावर या.

[स्क्रीनवर: लालसर रंगाचा सायकल ट्रॅक, जमिनीवर पांढरे त्रिकोण]

आता नियम. इथे मी जरा थांबणार आहे, कारण लोक म्हणतात नेदरलँड्समध्ये सायकल चालवणं एकदम सोप्पं, आणि सोपं आहेच, पण समोरच्याला तुम्ही पुढे काय करणार हे आधीच कळतं म्हणून सोपं आहे. सगळे एका लयीत चाललेले असतात आणि मध्येच तुम्ही गोंधळून ब्रेक मारला की मागचे चार जण वैतागतात.

पहिलं म्हणजे जमिनीकडे बघायची सवय लावा. आपण पाट्या शोधत बसतो, इथे अर्धी माहिती रस्त्यावरच रंगवलेली असते. चौकाजवळ आलात की आडव्या ओळीत पांढरे त्रिकोण दिसतील, इथे त्यांना शार्कचे दात म्हणतात. त्रिकोणांची टोकं तुमच्याकडे असतील तर तुम्ही थांबायचं, समोरून जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. टोकं दुसऱ्याच्या दिशेने असतील तर त्याने थांबायचं आणि तुम्ही निघायचं. आणि खरंच निघायचं हं! गाडीवाला थांबलाय आणि तुम्ही हसून त्याला "आधी तुम्ही" करताय, असं करू नका, त्याने तो अजून गोंधळतो.

मग असा चौक येतो जिथे काहीच रंगवलेलं नाही, पाटी नाही, सिग्नल नाही. निवासी भागात असे खूप आहेत. तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कारवाला असो की सायकलवाला. सायकलींना हा हक्क २००१ पासून आहे. म्हणजे छोट्याशा गल्लीतून एक आजी सायकलवरून उजवीकडून येतेय, तर ती तुमच्याकडे न बघता येणार, कारण तिला माहितीये की थांबायचं तुम्हाला आहे. ट्राम मात्र अशा चौकात सगळ्यांच्या आधी, कुठल्याही बाजूने येवो. ट्रामचे रूळ ओलांडताना सायकल शक्य तितकी काटकोनात न्या, तिरकी नेलीत तर चाक रुळात अडकतं आणि मग जे व्हायचं ते होतं.

वळताना हात दाखवायचा. दोघं शेजारी शेजारी चालवू शकता, ते चालतं, तिघं नाही. फोन हातात धरून चालवणं १ जुलै २०१९ पासून बंद आहे आणि दंड दीडशे युरोच्या वर जातो, म्हणून म्हटलं ना मॅप बंद ठेवा, त्यातच फायदा आहे 😀 रात्री पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, मागे लाल. छोटे क्लिपवाले दिवे जॅकेटवर छातीला आणि पाठीला लावले तरी चालतात, फक्त ते लुकलुकणारे नकोत, सतत चालू हवेत. हिवाळ्यात साडेचार-पाचला अंधार पडतो त्यामुळे दिवे बॅगेत कायम राहू द्या.

बरं, हे सगळं आधीपासून असंच होतं असं नाही. १९७१ साली या देशात सुमारे ३३०० माणसं रस्त्यावरच्या अपघातांत मेली आणि त्यात चारशेपेक्षा जास्त लहान मुलं होती. त्यावर आईबाप रस्त्यावर उतरले, मोठं आंदोलन झालं, १९७३ च्या तेलसंकटात रविवारी गाड्या बंद ठेवल्या गेल्या आणि हळूहळू शहरांची धोरणं बदलली. उट्रेख्तमध्ये हे तुम्हाला प्रत्यक्ष बघता येतं, म्हणून पहिली राइड मी तिथूनच सांगतो.

[स्क्रीनवर: जुन्या शहराभोवतीचा कालवा, वरून]

जुन्या शहराभोवती पाण्याचा पूर्ण वेढा आहे, त्याला सिंगल म्हणतात, पूर्वी तटबंदी होती तिथे. गेल्या शतकात त्यातला पश्चिमेचा तुकडा, काताराइनेसिंगल, बुजवून तिथे चक्क मोठा कार रोड केला होता. मग लोकांनी ठरवलं की पाणी परत हवं, आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये पाणी परत आलंसुद्धा! आता वेढा पुन्हा पूर्ण आहे. तर पहिल्या दिवशी एवढंच करा, कालव्याच्या बाहेरच्या बाजूच्या रस्त्याने एक पूर्ण चक्कर मारा. अंतर पाच-सहा किलोमीटर असेल, थांबत थांबत गेलात तरी दुपार पुरते. या एका चक्करने काय होतं माहितीये, शहराला आत आणि बाहेर मिळतं. नंतर कुठेही भटकत असलात आणि कालवा लागला की कळतं, हां, ओलांडला की जुनं शहर.

दुसरी खूण म्हणजे डॉम टॉवर. ११२ मीटर, देशातला सगळ्यात उंच चर्च टॉवर. गंमत बघा, तो चर्चपासून सुटा उभा आहे, मधला भाग १६७४ च्या वादळात कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही, तिथे आता मोकळा चौक आहे आणि आधी चर्चच्या आत असलेल्या त्या जागेतून लोक आरामात चालत जातात. शहर सपाट, त्यामुळे टॉवर लांबून दिसतो, आणि मॅपशिवाय फिरताना एवढंच पुरतं. टॉवर दिसतोय ना, मग सेंटर तिकडे. अरुंद गल्लीत घरांमुळे दिसेनासा होतो तेव्हा पुढच्या पुलावर जाऊन थांबा, पुलावरून बरेचदा परत दिसतो.

सेंटरच्या अगदी आत, आउडेखराख्त कालव्याच्या काठी दुकानांचा जो भाग आहे, तिथे पादचारी झोन आहेत. पाटी दिसली की उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. तसंही तिथे चालण्यातच मजा आहे, पाण्याच्या पातळीला वेगळा धक्का, त्याला लागून तळघरं, आणि रस्ता वर. शनिवारी मात्र तिकडे सायकल घेऊन जाऊच नका, गर्दीत नुसती ढकलत बसाल.

मग सायकल ठेवायची कुठे? स्टेशनखाली. सेंट्रल स्टेशनला १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे, जगातलं सगळ्यात मोठं, २०१९ मध्ये पूर्ण सुरू झालं. सायकल चालवतच आत जायचं, तीन मजले, आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी डिजिटल पाटीवर किती जागा रिकाम्या आहेत ते दिसतं. पहिले २४ तास फुकट. माझा एकच सल्ला, ठेवल्यावर ओळीच्या नंबरचा फोटो काढा, कारण परत आल्यावर हजारो काळ्या सायकलींमध्ये आपली काळी सायकल शोधणं हा एक वेगळाच खेळ आहे. आणि वर रस्त्यावर स्टेशनच्या आसपास कुठेही टेकवून जाऊ नका, महापालिका उचलून डेपोत नेते, मग पैसे भरून सोडवत बसा.

एवढं जमलं की बाहेर पडा. शहर सोडून बाहेर जायला पाण्याचा धागा धरणं सगळ्यात सोपं, नदीच्या कडेने गेलात तर चुकायचंच म्हटलं तरी कठीण.

कॅम्पस पूर्वेला आहे ना, तिथून जवळच क्रोमे राइन नदी वाहते. तिच्या कडेने आमेलिसवेर्डच्या जंगलात शिरा. ही मोठी झाडी शहराला इतकी लागून आहे की लेक्चर संपल्यावर जाऊन अंधाराच्या आत परत येता येतं. शेजारीच हायवे आहे, त्यासाठी झाडं तोडायची म्हणून १९८२ मध्ये इथे जोरदार आंदोलन झालं होतं, तोडली त्यातली काही, पण जंगल उरलं. पुढे राइनाउवेन नावाचा किल्ला आहे, पाणी सोडून शत्रूला अडवायची जी डच संरक्षणरेषा होती त्यातला, आणि ती रेषा २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. जवळच पॅनकेकचं जुनं ठिकाण आहे, तिथे उन्हाच्या रविवारी अर्धं शहर लोटतं. मधल्या वारी जा, शांतपणे बसायला मिळेल.

पश्चिमेला जायचं असेल तर डाफ्न स्किपर्स पूल चुकवू नका. इथलीच धावपटू, २०० मीटरची माजी वर्ल्ड चॅम्पियन, तिच्या नावाचा हा पूल २०१७ चा. खाली मोठा कालवा, मालवाहू बोटी जातात म्हणून पूल उंच हवा, आणि उंच पुलावर सायकलने चढायला लांब उतार हवा, आणि तेवढी जागाच नव्हती. मग काय केलं, तर उताराचा ट्रॅक गोल फिरवून चक्क एका शाळेच्या छतावरून नेला. खाली वर्ग, वर तुम्ही पॅडल मारताय. मला तर वाटतं या देशात सायकलचा विचार कसा होतो हे बघायला एवढा एक पूल पुरेसा आहे.

आणि मोठी राइड हवी असेल तर उत्तरेला फेख्त नदी. तिच्या कडेने मार्सेन, मग पुढे ब्रोकेलेन, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला नाव याच गावावरून मिळालं. नदीकाठी ॲमस्टरडॅमच्या जुन्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या आहेत, बागा थेट पाण्यापर्यंत. इथे रस्त्यात छोट्या पाट्यांवर हिरवे नंबर दिसायला लागतील. हे जोडबिंदू, म्हणजे सायकलचे रस्ते जिथे एकमेकांना मिळतात त्या जागांचे नंबर. तुम्ही घरून निघताना नंबरांची यादी कागदावर लिहून हँडलला चिकटवायची आणि एका नंबरवरून पुढच्या नंबरकडे बाण बघत जायचं, फोन लागतच नाही. ही आयडिया मूळची बेल्जियममधली, हुगो बोलेन नावाच्या खाण इंजिनिअरची.

एकच गोष्ट या राइडला आधी बघा, वारा कुठून आहे. चढ नाहीत म्हणून आपण खूश असतो पण सपाट मोकळ्या भागात वाऱ्याला अडवणारं काही नसतं, जाताना वारा पाठीशी असला की वाटतं काय भारी चालवतोय आपण, आणि परतताना तेच अंतर दुप्पट लांब होतं. म्हणून शक्यतो जाताना वारा समोरून घ्या. ते नाहीच जमलं तर ब्रोकेलेनला स्टेशन आहे, सायकल ट्रेनमध्ये टाका, सायकलचं वेगळं तिकीट काढा आणि सोमवार ते शुक्रवार असेल तर सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा ही वेळ टाळा, तेव्हा सायकल घेऊ देत नाहीत. फोल्डिंग असेल तर घडी करून कधीही न्या, फुकट.