डोंगा म्हणजे काय?

नमस्कार श्रोतेहो. मी सोलापूरची, मराठी घेऊन एम.ए. करतेय, आणि आज एका शब्दाविषयी बोलणारे, तो शब्द म्हणजे 'डोंगा'. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा', चोखोबांचा अभंग, तुम्ही शाळेत, कीर्तनात कुठं ना कुठं ऐकलाच असणार. मला तर लहानपणापासून पाठ होता, त्यामुळं सरांनी जेव्हा सांगितलं की चोखोबांचे अभंग आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह शेजारी शेजारी ठेवून वाचा, तेव्हा मला वाटलं अर्धं काम झालंच, आता फक्त 'गोलपिठा' तेवढा अवघड.

आणि तो होताच अवघड. १९७२ सालचं पुस्तक, मुंबईतल्या गोलपिठा या वेश्यावस्तीची भाषा, प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनासुद्धा कवीला शब्दांचे अर्थ विचारावे लागले होते, मग आमची काय कथा. एकेक कविता चार-चारदा वाचायची, शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायची, वहीत उतरवायचं. शेवटी मी उत्तर लिहिलं, चोखोबा सोशिक आणि ढसाळ बंडखोर. गाइडमध्ये शोभेल असं वाक्य बघा, आणि मला ते पटलंही होतं.

माझी मैत्रीण सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलतात, खाली लूम चालू असतो आणि वर माडीवर आम्ही अभ्यासाला बसतो, त्या खडखडाटात जरा ओरडूनच वाचावं लागतं. ती मधेच थांबली आणि म्हणाली, अगं, ऊस चोर कसा असेल? तेलुगूत 'दोंग' म्हणजे चोर. मी सांगितलं, डोंगा म्हणजे वाकडा, वेडावाकडा. पण सांगताना लक्षात आलं की तिला न कळलेल्या प्रत्येक शब्दापाशी ती थांबते आणि मला सगळं येतं म्हणून मी कुठंच थांबत नाही. 'गोलपिठा' मी वाचला होता, चोखोबा मी फक्त म्हटले होते.

मग त्याच पेन्सिलीनं अभंग धरला. पुढची ओळ, 'काय भुललासी वरलिया रंगा'. भुललासी, म्हणजे तू भुललास. कोण तू? इतकी वर्षं मी समजत होते की चोखोबा स्वतःबद्दल काकुळतीनं सांगतायत, पण इथं तर ते समोरच्याला विचारतायत, जो वरवरचं बघून माणूस ठरवतो त्याला. कदाचित मलाच. ते कळल्यावर मी वही मिटून ठेवली आणि बराच वेळ बोलले नाही.

नंतर त्यांच्या मुलाचा, कर्ममेळ्याचा अभंग सापडला आणि माझं ते 'सोशिक' पार कोसळलं. तो देवाला सरळ म्हणतो, जन्म गेला उष्टं खाता, तुला लाज कशी वाटत नाही, आणि आमच्या घरी दहीभात खाऊन आता नाही कसं म्हणतोस! शेजाऱ्याला दारात उभं करून विचारावं तसं, आणि हे चौदाव्या शतकात. ढसाळांचा राग मला अगदी नवा वाटला होता, आता तो जुना, घरातला वाटायला लागला. फरक आहेच, कर्ममेळ्याला भांडायला देव तरी समोर आहे, 'गोलपिठा'त तोही आधार नाही, आणि हे मला दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय दिसलंच नसतं.

हे लोक लांबचे नाहीत ओ, मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यात. तिथं गावकुसाचं काम करताना भिंत पडून १३३८ मध्ये चोखोबा गेले असं सांगतात, समाधी पंढरपूरला महाद्वाराशी, देवळाच्या बाहेर. आणि ते देऊळ सगळ्यांना खुलं झालं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधे सहाशे नऊ वर्षं. मी ही वजाबाकी वहीच्या कोपऱ्यात केली आणि त्याखाली काही लिहावंसंच वाटलं नाही.

ते 'सोशिक-बंडखोर'वालं उत्तर मी खोडलं, नवीन अजून पुरं झालेलं नाही. सध्या सोयराबाईंचा अभंग घेतलाय, चोखोबांच्या पत्नी त्या. 'देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म', असं त्या विचारतात, आणि मैत्रीण आणि मी दोन दिवस त्या 'कवण'पाशीच थांबलोय.