मिनिटाला किती लिटर?

माहुल-ट्रॉम्बेच्या पट्ट्यात रिफायनऱ्या, रसायनांच्या टाक्या आणि राहत्या इमारती एकमेकांना खेटून उभ्या आहेत. इथे गळती लागली, की नुसतं ‘खूप जातंय’ म्हणून भागत नाही. आग दाबणारा फोम किती लागेल, आजूबाजूचा किती भाग रिकामा करायचा, हे ठरतं एका आकड्यावर. मिनिटाला किती जातंय?

ही टाकी टोल्युइनची, म्हणजे एका ज्वालाग्राही द्रवाची. पत्र्याला तळाजवळ १० मिलिमीटरचं भोक. भोकाच्या वर द्रव आहे १० मीटर. या उंचीला ९.८१ ने आणि २ ने गुणा, वर्गमूळ काढा. धारेचा वेग मिळतो, सेकंदाला १४ मीटर. तो भोकाच्या क्षेत्रफळाने गुणायचा आणि वर ०.६१ ने, कारण धारदार कडेतून निघालेली धार बाहेर पडताच आकसते. उत्तर येतं मिनिटाला ४० लिटर. भोक २० मिलिमीटरचं असेल तर १६०. उंचीच्या अंदाजात थोडं चुकलं तरी निभतं. भोकाच्या मापात चुकलं, तर सगळाच हिशेब फसतो.

आणि भोक असं गोल, नेमकं क्वचितच मिळतं. बहुतेक वेळा उडतं ते गॅस्केट, म्हणजे पाइपच्या जोडात दाबून बसवलेली चकती. या ४ इंची फ्लँजला, म्हणजे पाइपच्या जोडाच्या कडीला, ८ बोल्ट आहेत. दोन बोल्टांमधला तुकडा निघाला, तर फट साधारण ४० मिलिमीटर लांब आणि गॅस्केटच्या जाडीइतकी, म्हणजे ३ मिलिमीटर रुंद. लाइनमध्ये, म्हणजे पाइपमध्ये, ७ बार दाब असेल, तर एवढ्याशा फटीतून मिनिटाला पावणेदोनशे लिटर जातात. पंप बंद केला, व्हॉल्व्ह आवळले, तरी गळती तिथेच थांबत नाही. दोन व्हॉल्व्हमधल्या २०० मीटर लाइनमध्ये सोळाशे लिटर अडकलेले असतात. फ्लँज उताराच्या टोकाला असेल, तर ते तिथूनच निथळत राहणार.

हिशेबाचा ताळा डिप टेपने, म्हणजे टाकीत सोडून पातळी मोजायच्या फितीने, घ्यावा, पण घाई न करता. १२ मीटर व्यासाच्या टाकीत पातळी १ मिलिमीटर उतरली, म्हणजे ११३ लिटर गेले. मिनिटाला ४० लिटरची गळती टेपवर खात्रीने दिसायला अर्धा तास लागतो. त्यात मुंबईचा पाऊस. रात्रभर कोसळून टाकीतलं टोल्युइन एका अंशाने थंड झालं, तर १० मीटरची पातळी गळतीशिवायच ११ मिलिमीटर खाली येते. म्हणून प्रत्येक डिपसोबत तापमान लिहायलाच हवं. आणि डाइकचा, म्हणजे टाकीभोवतीच्या बांधाचा, व्हॉल्व्ह आधी बघा. साचलेलं पाणी काढायला तो उघडतात आणि तसाच राहतो. मग गळलेला माल डाइकमध्ये न साठता थेट नाल्याला लागतो, पुढे खाडीत.

वायूची गोष्ट वेगळी. आतला दाब बाहेरच्या साधारण दुपटीच्या वर गेला, की बाहेरच्या हवेचा प्रवाहावर परिणाम उरत नाही. आतला एकूण दाबच सारं ठरवतो. गेज, म्हणजे दाबमापक, बाहेरच्या हवेच्या वरचाच दाब दाखवतो, म्हणून त्याच्या आकड्यात हवेचा १ बार मिळवायचा असतो. गेज २ बार दाखवत असताना तो मिळवायचा राहिला, तर उत्तर एक तृतीयांशाने कमी येतं.

क्लोरिनच्या ९०० किलोच्या टनरला, म्हणजे मोठ्या लोखंडी सिलिंडरला, तर द्रवाचा आणि वायूचा असे दोन्ही हिशेब लागतात. आडवा ठेवल्यावर वरच्या व्हॉल्व्हला वायू असतो, खालच्याला द्रव. ३० अंशांना ३ मिलिमीटरच्या भोकातून द्रव निघाला, तर मिनिटाला सुमारे १२ किलो. तेच भोक वायूच्या बाजूला असेल, तर सव्वा किलोच्या आसपास. म्हणून प्रशिक्षित पथक पूर्ण श्वसनसंच चढवून टनर फिरवतं आणि भोक वर आणतं. आतला द्रव मग उकळून थंड होऊ लागतो, पत्र्यावर हिम धरतं, दाब उतरतो, गळती आणखी मंदावते. भोकावर पाणी मात्र मारायचं नाही. पाण्याच्या उबेने उकळणं वाढतं, आणि ओल्या क्लोरिनचं आम्ल पत्रा खाऊन भोक मोठं करतं.