मुरलेलं तंत्र, आडवा विचार

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागच्या फळ्यावर विषय लिहिलाय, 'व्हिडिओ गेमचा डिझायनर आणि प्रोड्यूसर: एक कारकीर्द'. विषय मीच कळवला होता, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पुढे बसलेली तरुण मुलं प्रोड्यूसर नावाचा माणूस दिवसभर नेमकं करतो काय, ते ऐकायला आलीत. मागची ज्येष्ठ मंडळी पंखा बघून बसलीत. दोघांनाही न्याय द्यायचा प्रयत्न करतो. पण आधी एक कबुली. मी आयुष्यात एकही गेम बनवलेला नाही. एकतीस वर्षं मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो. मग या विषयात तुमचं काय काम, असं तुम्ही विचारणारच. तर आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तोही मेंटेनन्सचाच.

गुनपेई योकोई. जन्म १९४१ चा, क्योटोचा. दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि १९६५ साली गावातल्याच निन्टेंडो कंपनीत लागला. एकेरीत बोलतोय, राग मानू नका, आमच्या खात्यातला माणूस आहे. त्या वेळी निन्टेंडो म्हणजे पत्त्यांचा कारखाना. हनाफुदा म्हणून जपानी पत्ते असतात, आकडे नाहीत, नुसती फुलापानांची चित्रं. १८८९ पासून कंपनी तेच छापत होती. ते पत्ते बनवणारी यंत्रं चालू ठेवणं, हे याचं काम.

आता माझी तक्रार. योकोईबद्दल कुठेही वाचा, सुरुवात ठरलेली. 'एक साधा मेंटेनन्स कर्मचारी, ज्याने पुढे जाऊन...' वगैरे. हा 'साधा' शब्द मला बोचतो. जणू तिथे तो चुकून पडला होता आणि देवाने उचलून गेमच्या दुनियेत ठेवला. अहो, कारखान्यात यंत्राला खरं ओळखतो कोण? विकत घेणाऱ्याने कॅटलॉग पाहिलेला असतो, चालवणाऱ्याला दोन बटणं माहीत असतात. कुठला बोल्ट सहा महिन्यांनी ढिला होतो आणि कुठलं बेअरिंग ओरडल्याशिवाय जात नाही, हे आम्हाला माहीत. आणि मान काय? मशीन चालू असलं की आम्ही फुकटचा पगार खातो, बंद पडलं की आमच्यामुळे बंद पडलं. (हशा) हसताय ते बहुतेक प्रॉडक्शनवाले असणार.

यातली मेख लक्षात घ्या. मेंटेनन्सवाला रिकामा बसलेला दिसला, तर याचा अर्थ कारखाना नीट चालू आहे. योकोई रिकामा होता, कारण त्याची यंत्रं चालू होती. हे मात्र कुणी लिहीत नाही.

तर रिकामा वेळ, हाताशी लेथ आणि डोक्यात किडा. त्याने एक चिमटा केला. जुन्या लिफ्टचं जाळीचं दार आठवतंय? फुल्या फुल्यांच्या पट्ट्या, ओढलं की पसरतं, ढकललं की मिटतं. त्याच पट्ट्या. एका टोकाला कात्रीसारख्या दोन मुठी. मुठी जवळ आणल्या की पट्ट्या सरसर पुढे धावतात आणि पलीकडच्या टोकाचे पंजे वस्तू पकडतात. खुर्चीतून न उठता दूरची वस्तू उचलायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विकायचं नव्हतं, स्वतःच्या करमणुकीला केलेलं.

आणि नेमके मालक फेरीला आले. हिरोशी यामाउची, संस्थापकाचा पणतू. पुढे यामाउचींच्या खोलीत बोलावणं आलं. आता हा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. कामाच्या वेळात खेळणं करताना सापडलेला पोरगा. मी असतो तर राजीनाम्याचा कागद खिशात घालूनच गेलो असतो. माझ्यावरही अशी वेळ आली होती. रात्रपाळीला मी भंगारातल्या मोटारीचा पंखा केला होता, तर साहेबांनी तो जप्त केला आणि स्वतःच्या केबिनमध्ये लावला. (हशा) कंपनीचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. यामाउचींनी जप्त केलं नाही. ते म्हणाले, याचा माल काढ, नाताळात विकू. 'अल्ट्रा हँड' या नावाने १९६६ साली तो चिमटा बाजारात आला आणि १२ लाखांवर खपला. देखभालीचा पोरगा खेळणी बनवणाऱ्या खात्यात गेला.

त्या चिमट्यात नवीन काय होतं? काहीही नाही! पट्ट्यांची ती रचना कितीतरी जुनी. नवीन एवढंच की ती पोराच्या हातात दिली. योकोईने पुढे आयुष्यभर हेच केलं आणि त्याला नावही दिलं, 'कारेता गिजुत्सु नो सुइहेइ शिको'. इंग्रजीवाल्यांनी 'कारेता'चं भाषांतर केलं वाळलेलं, कोमेजलेलं. मग आपल्याकडे लोक समजतात की हा शिळ्या कढीला ऊत आणायला सांगतो. 'कारेता'चा शब्दशः अर्थ वाळलेलं असाच आहे, पण जपानी इंजिनिअर तो शब्द एखाद्या तंत्राबद्दल वापरतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की याच्या सगळ्या खोडी आता कळल्या आहेत, वापरून वापरून हे भरवशाचं आणि स्वस्त झालंय. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे. मुरलेलं! गवई मुरलेला असतो, राजकारणी मुरलेला असतो, तसं तंत्र मुरलेलं. आणि 'सुइहेइ शिको' म्हणजे आडवा विचार. मुरलेल्या तंत्राचा आडवा विचार. आपल्याकडे आडव्या विचाराच्या माणसांची टंचाई नाही, फक्त ते आडवे येतात. (हशा)

कोण म्हणालं, जुगाड? नाही हो. जुगाड म्हणजे आज रात्र काढायची सोय, उद्या सुटलं तर उद्या बघू. हा माणूस लाखांनी विकायचा माल काढत होता. त्यातला एकही परत आला तर तो दुरुस्त कोण करणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

दुसरी गोष्ट रेल्वेची. शिनकान्सेनमध्ये, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये, एक नोकरदार माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोईला दिसला. हिशोब नाही, काही नाही, नुसता चाळा. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या किंमतयुद्धात एलसीडीचे पडदे तोवर मातीमोल झाले होते. योकोईच्या डोक्यात आलं, चाळाच करायचा तर खिशात मावणारा खेळ का नको? ही कल्पना मालकांपर्यंत कशी पोचली? यामाउचींचा ड्रायव्हर एक दिवस आजारी पडला. गाडी परदेशी, स्टिअरिंग डावीकडे. ती चालवू शकणारा म्हणून योकोईला बसवला. इंजिनिअरला ड्रायव्हर केलं की तो गप्प बसत नाही, वाटेत त्याने कल्पना सांगून टाकली. मालक हूं हूं करत राहिले. त्या दिवशी बैठकीत त्यांच्या शेजारची खुर्ची कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या शार्प कंपनीच्या अध्यक्षांची होती. आठवड्याभरात शार्पची माणसं दारात.

१९८० साली 'गेम अँड वॉच' आलं. पहिला खेळ 'बॉल', एक माणूस चेंडू झेलतोय. कॅल्क्युलेटरमधला आठचा आकडा कसा असतो? सात रेघा काचेवर आधीच काढलेल्या, हव्या त्या दिसतात, नको त्या विझतात. योकोईने रेघांच्या जागी हात काढले, चेंडू काढले. हात हलत नाही, एक हात विझतो आणि दुसरा उमटतो. आकड्यांऐवजी माणूस, तंत्र तेच. या मालिकेचे चार कोटींवर नग खपले.

(चिठ्ठी येते.) बघा, आलीच. 'दहा मिनिटं.' आणि मी अजून प्रोड्यूसरला हातही लावलेला नाही. मधलं 'लव्ह टेस्टर' नावाचं त्याचं खेळणं सोडून देतो, तरुण मंडळींनी माफ करावं.

प्रोड्यूसर. १९८१. निन्टेंडोचा 'रडार स्कोप' नावाचा आर्केड गेम, म्हणजे नाणं टाकून खेळायचा कपाटाएवढा खेळ, अमेरिकेत आपटला होता, सुमारे २००० कपाटं गोदामात पडून. त्यातच नवा गेम बसवायचा होता. काम दिलं शिगेरू मियामोतोला. तो चित्रकार, प्रोग्रॅम लिहिणारा नव्हे. त्याच्यावर देखरेखीला योकोई. हे पोरगं काय काय मागेल, त्यातलं काय बसेल, काय सोडायचं, हे ठरवणारा कुणीतरी लागतो. उडवून पलीकडे फेकणाऱ्या सी-सॉची कल्पना होती, प्रोग्रॅम करायला जड म्हणून सोडली. उरला तो 'डाँकी काँग'. मारिओ तिथे जन्मला, श्रेय मियामोतोचं, आणि ते त्याचंच आहे. १९८६ च्या 'मेट्रॉइड'चंही तसंच. दिग्दर्शन सातोरू ओकादाचं, पात्रं रेखाटली हिरोजी कियोताकेने, संगीत हिरोकाझू तानाकाचं. प्रोड्यूसर म्हणून योकोई. चिलखतातला योद्धा शेवटी बाई निघते तो गेम. प्रोड्यूसरचं आणि मेंटेनन्सवाल्याचं काम सारखंच आहे हो. सगळं नीट चाललं तर हा होता कशाला, असं वाटतं.

आता भराभर. १९८२, त्याच 'डाँकी काँग'ची 'गेम अँड वॉच'मधली घडीची, दोन पडद्यांची आवृत्ती. दांड्याची जॉयस्टिक खिशात मोडणार. म्हणून अधिकच्या खुणेसारखं एकच बटण, मधोमध टेकू. एक बाजू दाबली की समोरची उचलली जाते, डावं-उजवं एकदम दाबलंच जात नाही. न बघता अंगठ्याला कळतं. तुमच्या घरातल्या कंट्रोलरवर डावीकडे ते आजही सापडेल.

१९८९, 'गेम बॉय', हातात धरून खेळायचं यंत्र. पडदा हिरवट, रंग नाहीत. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी अटारीचा 'लिंक्स' रंगीत, पुढच्या वर्षी सेगाचा 'गेम गिअर' रंगीत. पण त्यांना सहा-सहा सेल लागत आणि ते काही तासांत बसत. याला चार पेन्सिल सेल, खेळ दहा तासांच्या वर. रंगीत आवृत्ती धरून जवळजवळ १२ कोटी खपले. आखाती युद्धात प्लास्टिक वितळलेला एक गेम बॉय न्यू यॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात कितीतरी वर्षं काचेआड ठेवलेला होता, टेट्रिस चालू. मेंटेनन्सच्या माणसाला याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

१९९५, 'व्हर्च्युअल बॉय'. डोळ्यांना लावायचा, तांबडा एके तांबडा पडदा. माल आठ लाखांच्याही आत अडला आणि वर्षभरात गुंडाळला. मी भक्त असलो तरी खोटं बोलणार नाही. तांबडे एलईडी मुरलेले होते, पण आतले थरथरणारे आरसे आणि डोळ्यांपुढचा तो त्रिमितीचा प्रयोग मुरलेला नव्हता. आपलाच नियम त्याने मोडला.

(दुसरी चिठ्ठी.) हो, संपवतो. १९९६ च्या ऑगस्टमध्ये त्याने निन्टेंडो सोडली. 'कोतो' नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बंदाई कंपनीसाठी खिशातलं नवं यंत्र आखायला घेतलं. ४ ऑक्टोबर १९९७, इशिकावा भागातला महामार्ग. गाडी पुढच्या ट्रकला धडकली, योकोई उतरून बाहेर आला आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीने त्याला उडवलं. वय ५६.

यंत्र १९९९ च्या मार्चमध्ये आलं, 'वंडरस्वान'. सोबतच्या एका कोड्याच्या खेळाला त्याचंच नाव दिलं, 'गुनपे'. पडदा पुन्हा बिनरंगी. मी ते यंत्र एकदाच हातात घेतलंय. सवयीने आधी पालथं केलं आणि मागचं झाकण उघडलं. आत एकच पेन्सिल सेल होता.