बयान नंबर एक

श्रोतेहो, नमस्कार.

23 जुलै 1952 ची सकाळ. कैरोतल्या शरिफैन रस्त्यावरच्या रेडिओ केंद्राचा ताबा लष्कराने रात्रीच घेतला होता. नेहमीच्या निवेदकाच्या जागी एक लष्करी अधिकारी माइकसमोर बसला आणि हातातला कागद वाचू लागला. लाचलुचपतीने देश पोखरला गेला होता, सैन्याने आता आपलं घर स्वच्छ केलं आहे, लोकांनी शांत राहावं, असा त्यातला मजकूर. तो अधिकारी म्हणजे अन्वर सादात. आदल्या रात्री ते बायकोला घेऊन सिनेमाला गेले होते. घरी परतले तर उठावाचे सूत्रधार जमाल अब्दुल नासर यांची चिठ्ठी वाट पाहत होती: आज रात्रीच. तीन दिवसांनी इजिप्तचा राजा फारूक अलेक्झांड्रियाहून बोटीत बसून देश सोडून गेला.

सत्ता हाती घेतल्याचं सांगणाऱ्या अशा निवेदनाला अरबीत 'बयान' म्हणतात. हा शब्द आपल्यालाही परका नाही. 'बयान नंबर एक' म्हटलं की तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून रणगाडे आठवतात. सीरियाने एकट्या 1949 सालात तीन लष्करी उठाव पाहिले. बगदादमध्ये 1958 आणि 1963, दमास्कसमध्ये 1961 आणि पुन्हा 1963, लिबियात 1969. दर वेळी पहिली धाव रेडिओ केंद्राकडे. आज मी तुमच्याशी रेडिओवरूनच बोलतोय, म्हणून अरब राजकारणाची गोष्ट या माइकपासूनच सुरू करावीशी वाटली.

कारण चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत एक वाक्य मी सतत ऐकत आलोय: 'अरबांना लोकशाही मानवतच नाही, त्यांना दांडकंच लागतं.' हे वाक्य खोटं आहे. इतिहास न वाचता बोललेलं आहे, आणि ज्यांनी त्या मुलखात लोकशाहीसाठी जीव दिले त्यांच्यावर तो मोठा अन्याय आहे.

पहिल्या महायुद्धाकडे जाऊ. तुर्कांविरुद्ध उठा, स्वतंत्र अरब राज्याला आमचा पाठिंबा राहील, असा शब्द इंग्रजांनी मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रांतून दिला. त्याच सुमारास, 1916 च्या मे महिन्यात, इंग्रज साइक्स आणि फ्रेंच पिको या दोघांनी तोच मुलूख इंग्लंड-फ्रान्समध्ये वाटून घेण्याचा गुप्त करार केला. 1917 च्या नोव्हेंबरमध्ये बाल्फोर जाहीरनामा आला आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा मिळाला. एकाच जमिनीची तीन साठेखतं. आपल्याकडे असं केलं तर माणूस तुरुंगात जातो.

तरीही दमास्कसमध्ये लोकप्रतिनिधींची सीरियन काँग्रेस बसली. 8 मार्च 1920 रोजी तिने स्वातंत्र्य जाहीर केलं, हुसेनचा मुलगा फैसल याला राजा केलं आणि राजाच्या अधिकारांना लगाम घालणारी राज्यघटना लिहायला घेतली. घटना हातावेगळी होते न होते तोच, जुलैमध्ये, फ्रेंच फौज दमास्कसवर चालून आली. युद्धमंत्री युसुफ अल-आझ्मा यांना निकाल ठाऊक होता. तोफा मोजक्या, विमानं नाहीत, सैन्य तुटपुंजं. राजधानी लढल्याशिवाय पडली असं इतिहासात लिहिलं जाऊ नये, एवढ्यासाठी ते मयसलूनच्या खिंडीत गेले आणि 24 जुलैला तिथेच पडले. अरबांची ती राज्यघटना कुणी फाडली? युरोपातल्या एका प्रजासत्ताकाने. हे आपण विसरतो.

इजिप्तमध्येही तेच, फक्त सावकाश. साद झगलूल यांना इंग्रजांनी 1919 मध्ये माल्टाला हद्दपार केलं तेव्हा विद्यार्थी, वकील, रेल्वे कामगार, शेतकरी, पडद्यातल्या बायका, सगळे रस्त्यावर आले. झेंड्यावर चंद्रकोर आणि क्रूस शेजारी शेजारी. त्यातून 1923 ची घटना आणि संसद आली. झगलूल यांचा वफ्द पक्ष मोकळ्या निवडणुकीत जिंकायचा आणि राजा त्याचं सरकार बरखास्त करायचा. असं किती वेळा झालं! 1942 च्या फेब्रुवारीत तर इंग्रजांनी राजवाड्याला रणगाड्यांचा वेढा घालून वफ्दला सत्तेवर बसवलं. जो पक्ष इंग्रजांना घालवायला निघाला होता, तो इंग्रजांच्या रणगाड्यावरून सत्तेत आला. लोकांचं मन तिथे विटलं. तरुण अधिकाऱ्यांच्या मनात तर त्या रात्रीची आग कायम धुमसत राहिली. दुसरीकडे इस्माइलियातले एक शाळामास्तर, हसन अल-बन्ना, यांनी 1928 मध्ये काढलेली मुस्लिम ब्रदरहूड, म्हणजे इख्वान, गल्लीगल्लीत पोहोचली होती.

म्हणून 1952 चं बयान लोकांनी आनंदाने ऐकलं. सप्टेंबरमध्येच जमीन सुधारणेचा कायदा आला, जमीनदाराला दोनशे फेद्दानची, म्हणजे साधारण दोनशे एकरांची, मर्यादा घातली गेली. कुळाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

पण त्याच सप्टेंबरातली दुसरी गोष्ट सांगतो. कफ्र अल-दव्वार या गावात कापडगिरण्या होत्या. नवं सरकार आपलं आहे अशा भाबड्या विश्वासाने ऑगस्टमध्ये गिरणी कामगार संपावर गेले. लष्कर आलं, गोळीबार झाला, लष्करी न्यायालय बसलं आणि खमीस व बकरी या दोन कामगारांना फाशी झाली. क्रांतीला जेमतेम दीड महिना झाला होता. परळ-लालबागच्या माणसाला संप म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. मला विचाराल तर पुढच्या सत्तर वर्षांचं बीज राजा बोटीत बसला त्या दिवसात नाही, या दोन फाशींत आहे. 'तुमच्यासाठी करू, पण तुम्ही बोलायचं नाही' हे त्या दिवशी ठरलं.

मग सगळं भराभर झालं. जानेवारी 1953 मध्ये पक्ष बरखास्त. मार्च 1954 मध्ये काही अधिकारी म्हणू लागले की आता बराकीत परत जाऊ, संसद आणू. तेव्हा जमावाने न्यायसंस्थेच्या इमारतीत घुसून सन्हुरी यांना मारहाण केली. सन्हुरी म्हणजे इजिप्तचा दिवाणी कायदा लिहिणारे थोर विधिज्ञ. ऑक्टोबरमध्ये अलेक्झांड्रियाच्या सभेत नासर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते भाषण थेट रेडिओवर चालू होतं. गोळ्यांचे आवाज घराघरांत ऐकू आले आणि नासर बोलत राहिले. त्यानंतर इख्वानचे सहा जण फासावर गेले, हजारो तुरुंगात. जे निसटले त्यांतल्या कितीतरी जणांना सौदी अरेबियाने आसरा दिला. राजेशाही आणि इख्वान यांची ती सोयरीक पुढे किती महागात पडली, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

आता रेडिओकडे येतो. 4 जुलै 1953 रोजी कैरोहून 'सौत अल-अरब', अरबांचा आवाज, हा कार्यक्रम सुरू झाला. आधी रोजचा अर्धा तास, मग तासन्‌तास. ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेले तसा निवेदक अहमद सईद यांचा आवाज मोरोक्कोपासून येमेनपर्यंत कॉफीच्या दुकानांत, उंटांच्या तांड्यांत, गोदीत वाजू लागला. लिहितावाचता न येणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी 'तू या मोठ्या कुटुंबातला' म्हणत होतं. त्यातला उबारा खरा होता, त्याला फसवणूक म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही.

26 जुलै 1956 चं भाषण घ्या. अमेरिकेने आस्वान धरणाचं कर्ज आठवड्यापूर्वीच मागे घेतलेलं. नासर अलेक्झांड्रियाच्या चौकात बोलत होते. बोलता बोलता त्यांनी सुएझ कालवा बांधणाऱ्या डे लेसेप्सचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. पुन्हा पुन्हा घेतलं. ऐकणाऱ्यांना कळेना, एका मेलेल्या फ्रेंच माणसाचं एवढं काय! कालव्याकाठी इस्माइलियात काही निवडक माणसं रेडिओला कान लावून बसली होती. 'डे लेसेप्स' हा त्यांचा इशारा होता. नाव ऐकताच त्यांनी कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि भाषण संपता संपता नासर यांनी कालवा देशाचा झाल्याचं जाहीर केलं. मला अरबी येत नाही, पण त्या ध्वनिफितीत ते नाव कानाला ओळखू येतं आणि शेवटी चौकातून उठलेली गर्जना आजही अंगावर काटा आणते. कालवा खणताना सुरुवातीची वर्षं फेलाह, म्हणजे इजिप्तचा शेतकरी, वेठबिगारीवर राबला होता. त्याच्या नातवंडांची ती गर्जना होती.

इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल मिळून तुटून पडले. 2 नोव्हेंबरला बॉम्बफेकीत कैरो रेडिओचे मनोरे पडले आणि आवाज बंद झाला. त्याच दिवशी दमास्कसच्या केंद्रावरून शब्द आले: 'इथे कैरो, दमास्कसहून.' दोन देशांतली सीमा त्या एका वाक्यात पुसली गेली. सव्वा वर्षात, 1958 च्या फेब्रुवारीत, दोन्ही देश खरोखरच एक झाले. आणि एकीची पहिली अट कोणती? सीरियातले सगळे पक्ष बंद. मिशेल अफ्लाक आणि सलाहुद्दीन बितार यांचा बाथ पक्ष अरब एकीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता, त्यानेही आपल्या हाताने दाराला कुलूप लावलं. सप्टेंबर 1961 मध्ये दमास्कसच्या रेडिओवर नवं बयान वाचलं गेलं आणि एकी संपली. पुढे बाथच्या नावाने सत्ता आली ती बराकीतूनच. तिचा शेवट सीरियात असद घराण्यात आणि इराकमध्ये सद्दाम हुसेनमध्ये झाला.

एडनचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मराठी माणसाला एडन ठाऊक आहे ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. 1883 च्या फेब्रुवारीत त्यांनी तिथल्या तुरुंगात देह ठेवला. 1839 पासून नव्वदहून अधिक वर्षं त्या बंदराचा कारभार मुंबई सरकारकडे होता. त्याच एडनमध्ये पुढे गोदी कामगार कैरोचा आवाज ऐकत उठले आणि नोव्हेंबर 1967 मध्ये इंग्रज तिथून निघून गेले. पण जिंकलेल्या आघाडीने बाकीच्या संघटना बाजूला सारल्या. पुन्हा एकच पक्ष.

जून 1967 मध्ये हा सगळा डोलारा कोसळला. 5 तारखेच्या पहिल्या काही तासांतच इस्रायलच्या हल्ल्यात इजिप्तची विमानं धावपट्टीवर जळत होती आणि सौत अल-अरब शत्रूची किती विमानं पाडली याचे आकडे सांगत होता. लोक रस्त्यांवर नाचत होते. चार दिवसांनी नासर यांनी पडलेल्या आवाजात राजीनामा जाहीर केला. लाखो लोक रडत बाहेर पडले, जाऊ नका म्हणाले, आणि ते राहिले. ज्याच्यावर विश्वास ठेवला तो गेला तर आपल्यापाशी उरतं काय? पक्ष नाही, कामगार संघटना नाही, स्वतंत्र वर्तमानपत्र नाही. बराक आणि मशीद, दोनच जागा उरल्या होत्या.

2011 मध्ये कैरोतला तहरीर चौक भरला तेव्हा हेच आडवं आलं. तरुणांनी दिवस निवडला 25 जानेवारी, पोलीस दिन. 1952 मध्ये त्या तारखेला इस्माइलियात शस्त्रं खाली ठेवायला नकार देणारे पन्नासच्या आसपास पोलीस इंग्रजांच्या माऱ्यात मेले होते. त्याच पोलिसांच्या छळाविरुद्ध आता त्यांचीच पोरं उभी होती. अठरा दिवसांत राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक गेले. पण निवडणुकीला उभं राहण्याइतकी बांधणी कुणाकडे होती? इख्वानकडे आणि लष्कराकडे. इख्वानचे मोहम्मद मोर्सी जेमतेम 51 टक्के मतांनी निवडून आले. 3 जुलै 2013 रोजी गणवेशातले लष्करप्रमुख अब्दुल फत्ताह अल-सिसी टीव्हीवर उभे राहिले. पुन्हा कागद, पुन्हा बयान.

8 डिसेंबर 2024 च्या सकाळी दमास्कसच्या सरकारी टीव्हीवरही असंच एक बयान वाचलं गेलं: असद गेले, कैदी मोकळे. पण त्या दिवशी लोक पडद्यासमोर बसून राहिले नाहीत. ते सैदनायाच्या तुरुंगाकडे धावले. कुणाच्या हातात भावाचा फोटो, कुणाच्या हातात मुलाचा. रिकाम्या कोठड्यांतून विखुरलेली कागदपत्रं मोबाइलच्या उजेडात धरून ती माणसं एकेक पान उलटत होती आणि नावं मोठ्याने वाचत होती.