दशमांशाचं पाकीट

जालना. चर्चमधली रविवारची उपासना आत्ताच सुटलीय. चपला घालता घालता मावशींच्या हातात एक गुळगुळीत पत्रक येतं. अनाथाश्रमाला मदत करा. खाली क्यूआर कोड. वर सात लेकरांचे फोटो, प्रत्येकाखाली नाव, आणि आईबाप कसे गेले त्याची एक ओळ.

मावशी निवृत्त नर्स. पेन्शनचा दहावा हिस्सा दर महिन्याला पाकिटात बाजूला निघतो. त्या ओळी वाचून त्यांचे डोळे भरून येतात.

पण मुळात या ओळी छापल्याच कशा? बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. लेकरांची अब्रू जपणारी संस्था असं पत्रक काढणार नाही.

मावशी फोन लावतात. "दादा, ट्रस्टचा नोंदणी नंबर सांगता?"

"ताई, देवाच्या कामाला नंबर कशाला?"

लागतो. मिशनरी नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात याच जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. 'मिशन' या शब्दाला इथं जुनी पत आहे, आणि ती पत कुणालाही उसनी घेता येते. म्हणून कागद बघायचा. चर्चचा असो की देवस्थानाचा, सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. शेताला जसा सातबारा, तसा ट्रस्टला परिशिष्ट एकचा उतारा: विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती. उताऱ्यावर नवरा, बायको आणि मेहुणा एवढेच दिसले, तर मागच्या वर्षीचं ऑडिट मागा. आणि आश्रमात मुलं असतील तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणी वेगळी लागते. मूल तिथं राहतं ते बालकल्याण समितीच्या आदेशानं.

पैसे संस्थेच्याच खात्यावर द्यायचे, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. २,००० रुपयांवर देणगी रोख दिली, तर तिच्यावर करात सवलतही मिळत नाही.

हिशेब विचारला की श्रद्धा कमी पडली, असं काही पाळकही म्हणतात. मला ते पटत नाही. बायबलमधल्या पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ख्रिस्ती मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतला. कुणी बोट ठेवू नये म्हणून.

मावशींनी पत्रकाची घडी पर्समध्ये ठेवलीय. पाकीट अजून कपाटातच आहे. सोमवारी त्या धर्मादाय कार्यालयात अर्ज घेऊन जाणार आहेत.