अंगणातली फियाट आणि नागपूरचं पंचांग

मंडळी, पाऊस परतीला लागलाय. ज्यांच्या अंगणात निंबाखाली एखादी जुनी फियाट दहा-पंधरा वर्षांपासून उभी आहे, त्यांचे हात आता शिवशिवायला लागले असतील. दिवाळीनंतर सगळं उघडू, उन्हाळ्यात निवांत रंग मारू, असा बेत बहुतेक जण करतात. हा बेत नागपुरात फसतो, आणि का फसतो ते सांगण्यासाठीच आज बोलायचं आहे. डोक्यावर छप्पर नाही आणि हातात फक्त रविवार आहे, अशा माणसाने एकच नियम पाळावा: सकाळी जेवढा पत्रा उघडा केला, तेवढा संध्याकाळच्या आत प्रायमरखाली गेलाच पाहिजे. बाकी सगळं या नियमाच्या मागून येतं.

उदाहरणाला पद्मिनी घेतो, कारण आपल्याकडे तीच जास्त सापडते. १९६४मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट आली, तीच १९७४पासून पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं साधं इंजिन, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम. हिला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दरवाजाखालचे सिल, खांब आणि छत मिळून गाडीचं वजन उचलतात. अँबॅसडरचंही तेच. त्यामुळे या गाड्यांत गंज हा दिसण्याचा विषय राहत नाही. सिल सडला की गाडी मधून झुकते आणि दरवाजे बसेनासे होतात.

पान्याला हात लावण्याआधी कागद बघा. नोंदणी रद्द झालेली नाही ना, ठोकलेला चासी नंबर आरसीशी जुळतो ना, हे तपासा. त्या नंबराच्या जागेवर ग्राइंडर कधीच फिरवायचा नाही. गंज असेल तर हाताने, मऊ ब्रशने काढायचा. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीसाठी २०२१च्या नियमांनी विंटेज नोंदणीची वेगळी सोय केली आहे: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण त्या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढता येते. रोज चालवायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरणच हवं.

आता गंज. मुंबईची गाडी खाऱ्या हवेने सगळीकडून थोडी थोडी खाल्ली जाते. नागपूरची गाडी जिथे पाणी साचतं तिथेच सडते, पण तिथे पार भोक पडेपर्यंत. रबरी मॅटखालचं तागाचं नमदं एकदा भिजलं की महिनाभर वाळत नाही. दरवाजाच्या तळाची निचऱ्याची भोकं निंबाच्या काड्यांनी बुजतात. डिकीत स्टेपनीची खळगी, पुढच्या काचेखालची खाच, मडगार्डच्या आत मातीचा थर बसतो ती वरची कड, आणि सिल. एक बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि लहान हातोडी घ्या. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला ठप्प बोलतो. ठप्प वाजला तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबा. आत गेला तर वाईट वाटून घेऊ नका, आजच कळलं हे बरं. लोहचुंबक पत्र्यावर ठेवा. घसरून पडला तर तिथे जाड लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे आणि तिच्याखाली आधीच्या कुणीतरी झाकलेलं काहीतरी आहे.

गाडी उचलण्याआधी जमीन बघायची. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि जॅकखाली सरळ खचते. आधी जाड प्लॅस्टिक अंथरा, त्यावर चार-पाच इंच मुरूम टाकून दाबा. प्लॅस्टिकमुळे जमिनीतली ओल खालून फ्लोअरला लागत नाही. गाडी टेकवायच्या प्रत्येक लोखंडी घोडीखाली दीड फूट चौरस, १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर ठेवा. विटांवर गाडी टेकवून खाली शिरू नका. वीट वाकत नाही, इशारा देत नाही, एकदम फुटते. शहाबादीही तशीच.

खोलण्याबद्दल थोडक्यात. गंजलेला नट आधी किंचित आवळा, मग सोडवा. तरी हलला नाही तर डिझेल आणि गिअर ऑइल सोडून रात्रभर ठेवा, मग गरम करा. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, ती ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधून टाका. सुटे भाग संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांमध्ये, चिठ्ठी लावून. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई तेलात विरघळते.

सिलवर जरा वेळ घालवतो, कारण गाड्या इथेच बिघडतात. दरवाजे काढून, गाडी मधोमध जॅकवर ठेवून दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले, तर नवा सिल कितीही छान जोडा, दरवाजा परत बसणार नाही. कापण्याआधी गाडीचं वजन तिच्या एक्सलवर आणि पुढच्या सस्पेन्शनवर घ्या, म्हणजे ती रस्त्यावर उभी असते तशीच बसेल. दरवाजा बंद करून चारही बाजूंच्या फटी मोजा आणि मडगार्डवरच मार्करने आकडे लिहा. मग दरवाजाच्या चौकटीत, पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप टाका: एक आडवा, एक तिरका. आता एकाच बाजूचा सिल कापा, तोही दोन टप्प्यांत. कंपनीने मारलेले जुने स्पॉट, म्हणजे ठिपक्यांसारखे वेल्ड, ८ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त वरच्या थरापुरते फोडायचे, खालचा पत्रा शाबूत ठेवायचा. नव्या पट्टीच्या कडेला दर २५ ते ३० मिलिमीटरवर ६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि ती भोकं वेल्डने भरा. कंपनीच्या स्पॉटइतकीच ताकद येते. पूर्ण वेल्ड करण्याआधी नुसते टाके मारून दरवाजा लावा आणि लिहिलेल्या आकड्यांशी फटी ताडून बघा. या टप्प्यावर दोन मिलिमीटरचा फरक हातोडीने निघतो. नंतर तो कशानेच निघत नाही. एका बाजूला चार-पाच रविवार धरा.

पत्रा इतवारीतल्या लोहा ओळीत मिळेल. सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्रा मागा: बाहेरच्या अंगाला २० गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटर, सिलच्या आतल्या पट्टीला १८ गेज. आठ बाय चारची २० गेजची शीट साधारण २१ किलोची भरते. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, घेऊ नका. वेल्ड करताना त्यावरचा जस्ताचा थर जळतो, त्या धुराने थंडी वाजून ताप येतो आणि जोडही सच्छिद्र होतो.

वेल्डिंगला आपल्याकडे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सोन्याचा. मिग मशीन तारेने वेल्ड करतं आणि जोडावर गॅस सोडतं; तो गॅस वारा उडवून नेतो. उन्हाळ्यातल्या दुपारच्या झळांत तर टाक्यात जाळीसारखी भोकं पडतात. गॅस वाढवून उपयोग नाही, वाऱ्याकडून प्लाय किंवा पत्र्याचा आडोसा उभा करा. बिनगॅसची तार वाऱ्यात चालते, पण ०.९ मिलिमीटरच्या पत्र्याला ती फार गरम पडते. एका जागी सलग ओढू नका. इथे एक टाका, वीतभर दूर दुसरा, मग परत. नाहीतर पत्रा पापडासारखा फुगतो. बॅटरी काढलेली, पेट्रोलची टाकी गाडीबाहेर, नमदं उपटलेलं, शेजारी पाण्याची बादली आणि ओलं पोतं, एवढं झाल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही. शेवटच्या टाक्यानंतर अर्धा तास गाडीजवळच बसायचं, कारण आग अनेकदा माणूस चहाला गेल्यावर लागते. जुन्या टाकीला तर वेल्ड लावूच नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

आता ज्या चुकीने सगळी मेहनत वाया जाते, ती चूक. पत्रा घासून पांढरा केला, वर करडा सर्फेसर किंवा साधा रेड ऑक्साइड मारला आणि गाडी पावसाळ्यात उभी ठेवली. हे दोन्ही थर पाणी शोषतात. वरून सगळं नीट दिसतं, खाली जुलै-ऑगस्टमध्ये गंज पसरतो, आणि ऑक्टोबरला प्रायमर टरफलासारखा निघतो. पाणी अडवायचं काम दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर करतो. घासलेल्या, थिनरने पुसलेल्या पत्र्यावर दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलंय तेवढी विश्रांती. अख्ख्या गाडीला आतबाहेर तीन-चार लिटर लागतो. लांबी या इपॉक्सीवर भरायची, उघड्या पत्र्यावर नाही, कारण लांबीही स्पंजासारखी पाणी धरते.

प्रायमरची वेळही सांभाळा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, सकाळी पत्र्यावर दव असतं, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या दवावर मारलेला प्रायमर पुढे फुगतो. म्हणून साडेदहा-अकराला सुरू करा आणि तीनच्या आत संपवा, म्हणजे रात्रीच्या थंडीआधी तो धरतो. एप्रिल-मेमध्ये उलटं: उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही, फवारा पोचेपर्यंत वाळतो आणि खरखरीत बसतो. तेव्हा सकाळी सहा ते आठ. लांबीत हार्डनर वजनाच्या दोन टक्के असतो. चाळीस अंशाला तो कमी करा आणि एका वेळी लिंबाएवढाच गोळा कालवा, नाहीतर पाटीवरच दगड होईल.

शेवटचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग अंगणात मारू नका, हे आग्रहाने सांगतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साध्या मास्कने ते अडत नाही, दम्यासारखा कायमचा त्रास लागू शकतो, आणि शेजारच्या पाळण्यातल्या पोराने मास्कही लावलेला नसतो. तेवढं काम रंगाचा बंदिस्त बूथ असलेल्या गॅरेजवाल्याला द्या.

मग आपला तो भयंकर मे कशासाठी? पोकळ्यांसाठी. सिल, खांब, दरवाजांच्या आतल्या जागा वर्षात याच दिवसांत खऱ्या अर्थाने कोरड्या असतात. तेव्हाच त्यांत लांब नळीने मेणाचं द्रावण फवारायचं. गरम पत्र्यावर ते पातळ होऊन बारीक सांध्यात शिरतं. खालच्या भोकांतून थेंब पडायला लागले की पुरे. ती भोकं नंतर काडीने मोकळी करायला विसरू नका.

जून लागता लागता गाडी चाकांवर, काचा बसवलेली हवी. पावसाळाभर घरात बसून करायची कामं भरपूर आहेत: कार्ब्युरेटर, डायनामो, व्हील सिलिंडरची रबरं. ही रबरं फक्त ब्रेक ऑइलनेच ओली करायची, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं तर ती फुगतात. पेट्रोलचे जुने पाइप सगळे बदला. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात विरघळून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतं. इंजिन जाम असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल-ऑइलचं मिश्रण सोडा, आठवडाभर थांबा, मग टॉप गिअरमध्ये गाडी हलकेच पुढे-मागे ढकला. सेल्फ मारून सोडवायला गेलात तर रिंगा तुटतात. फिरायला लागलं की ऑइल बदला, प्लग बाहेरच ठेवून ऑइलचं प्रेशर येईपर्यंत सेल्फ फिरवा. पहिलं स्टार्ट जुन्या टाकीवर नाही, वेगळ्या डब्यातल्या ताज्या पेट्रोलवर.

ताडपत्रीबद्दल विचारणार आहात, ते आधीच सांगतो. ती गाडीच्या अंगावर टाकायची नाही. खालून वाफ धरते आणि तुम्ही गाडीला रोज आंघोळ घालता. बांबूचा किंवा पाइपचा सांगाडा करून छतापासून दीड फूट वर ताणा, दोन बाजू मोकळ्या ठेवा, एका बाजूला उतार द्या. दोऱ्या जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधा, बंपरला नको. मेच्या वावटळीत ताडपत्री बंपर घेऊन जाते.